नाशिकच्या सातपूर-अंबडला नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

सटाणा, मालेगाव, साक्रीकडून एमआयडीसीत येणाऱ्या पोरांचा मशीनवर हात लवकर बसतो. माणसांत बसायला जास्त वेळ लागतो, आणि त्याची तयारी कोणी करून घेत नाही.

पहिला आठवडा नीट बघा. सुपरवायझरला साहेब म्हणतात की सर, जुन्या ऑपरेटरला भाऊ की काका, जेवणाच्या सुट्टीत भाजीचे डबे मध्ये सरकवतात की ज्याचा डबा त्याच्यापुढेच राहतो. मग रोज एखादी कामाची गोष्ट विचारायला लागा: कूलंट कधी बदलायचं, गेज कुठे ठेवायचा. विचारणाऱ्याला लोक जवळ करतात. गप्प राहणारा निव्वळ लाजाळू असला तरी लाइनवर शिष्ट ठरतो.

रूमवर अहिराणी आणि लाइनवर शाळेतली मराठी, ही अदलाबदल आपोआप होते, होऊ द्या. लाजेपोटी आईशी फोनवरही अहिराणी बोलणं टाकलंत तर मात्र आपलंच माणूस तुटतं. उलट, सुट्टीच्या दिवशीही फक्त गाववाल्यांतच राहिलात तर शहर परकंच राहतं. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी नव्या समाजात रुळण्याच्या चार वाटा मांडल्या: दोन्हीकडचं धरणं, फक्त नवं धरणं, फक्त जुनं धरणं, दोन्ही सोडणं. पहिली वाट बहुतेकांना मानवते. सिडकोत नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशी घरांत कानबाई देवी बसते, सव्वा-सव्वा मूठ गव्हाचे रोट होतात. त्या दिवशी लाइनवरच्या दोघांना दर्शनाला बोलवा.

जुळवून घेण्याला एक हद्द हवी, आणि ती पॉवर प्रेसवर, म्हणजे साच्यात पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, सगळ्यात आधी लागते. दोन्ही हात साच्याबाहेर राहावेत म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. नग वाढवायला एक बटण पट्टीने दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो, आणि बोटं जातात ती तिथेच. सगळे तसंच करत असतील तर नवा पोरगाही करतो. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या 1951 च्या प्रयोगात रेघांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत होती, तरी गटाने मुद्दाम चुकीचं उत्तर दिल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा गटामागे गेले. गटातला एक जरी बरोबर बोलला, तरी हे प्रमाण एकदम खाली यायचं. म्हणून पट्टी न लावणारा एक ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात हेरून ठेवा, आणि सुपरवायझरकडे बोलायला जाल तेव्हा त्याला बरोबर घ्या.