वय झालं होतं, म्हणून काय?

रविवार, रात्री

"वय झालं होतं हो, सोनं झालं." नव्वदीतलं कुणी नावाजलेलं माणूस गेलं की पुण्यात हे ऐकू येतंच. घरच्यांनी म्हणावं, आजारपण त्यांनी काढलेलं असतं. बाहेरच्याने म्हटलं की रडणाऱ्याचं तोंड बंद होतं आणि जाब विचारणाऱ्याचंही.

बाबासाहेब पुरंदरे १५ नोव्हेंबर २०२१ला गेले. जन्म २९ जुलै १९२२चा, म्हणजे ९९ पूर्ण, शंभरावं चालू. 'वयाच्या शंभराव्या वर्षी' हे बरोबर, 'शंभर वर्षांचे' हे चूक. मजकूर पुढे ढकलताना नेमकी हीच चूक होते. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. कुणी शिवशाहीर गेले म्हणून डोळे पुसत होतं, तर कुणी २०१५च्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या वेळचे आक्षेप पुन्हा मांडत होतं. माझ्या मते दोन्ही त्याच दिवशी लिहावं. फक्त टीका त्यांनी काय लिहिलं, काय सांगितलं यावर हवी. 'बरं झालं' ही टीका नव्हे. अशा वेळी 'मरणान्तानि वैराणि', म्हणजे वैर मरणापर्यंतच, हे हमखास पुढे केलं जातं. पण राम ते बिभीषणाला म्हणाला, ते रावणाचे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून. रावणाने केलं ते विसर, असं त्यात कुठेही नाही.

मोठ्या माणसांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात. त्यात गैर काही नाही, घाईतलं लिखाण त्याहून वाईट. पण दहा वर्षांपूर्वीच्या मजकुरात 'पश्चात पत्नी' असतं आणि मधल्या काळात पत्नीही गेलेली असते. शेवटचा सन्मान राहून जातो, 'राहतात'चं 'राहत होते' करायचं राहतं. म्हणून आधी वारसांची ओळ, मग जन्मतारखेवरून वय, मग क्रियापदं, या क्रमाने तपासावं.

त्याही आधी माणूस खरंच गेलं आहे का, हे बघावं. विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना २३ नोव्हेंबर २०२२च्या रात्री श्रद्धांजल्यांचा पूर आला. बातमी खोटी असल्याचं घरच्यांना सांगावं लागलं. ते गेले २६ला. असं होतं, कारण एकाची श्रद्धांजली दुसऱ्याला पुरावा वाटते. वीस जणांनी लिहिलं तरी मूळ एकच असतं, आणि तेच चुकलेलं. घरच्यांचा किंवा रुग्णालयाचा शब्द येईपर्यंत हात आवरावा. अर्ध्या तासाने कुणाचंही काही अडत नाही. उशाशी बसलेल्या माणसाला मात्र त्या रात्री फोन घेऊन "नाही हो, आहेत अजून" म्हणत राहावं लागतं.

'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' हा साचाही असाच बोटांतून आपोआप उतरतो. डॉ. श्रीराम लागू १७ डिसेंबर २०१९ला पुण्यातच गेले, ९२ वर्षांचे होऊन. देवाला निवृत्त करा, असं जाहीरपणे मांडलेला माणूस. त्यांच्यासाठी ते वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण ते वाक्य चुकीच्या माणसाला जातं. तिथे 'डॉक्टर, तुमचं काम पाहिलं' एवढं पुरे होतं.