केस मिटली, पण नोंद?

मिटलेल्या केसची पोलिसांकडची नोंद पुसता येते का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पोलिस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या सांगलीकडे कोर्टाच्या आवारात आम्हा वकिलांना हा प्रश्न हमखास येतो. आईबाप पुढे, पोरगं मागे मान खाली घालून: "मॅडम, केस तर मिटली. आता रेकॉर्डवरनं नाव काढायला काय करायचं?" काहींना कुठल्या तरी एजंटाने भावही सांगितलेला असतो.

नाव निघत नाही. सज्ञान माणसावरचा जुना गुन्हा सरसकट पुसून टाकणारा कायदाच आपल्याकडे नाही. निर्दोष सुटलात तरी एफआयआर राहते. फक्त तिच्यापुढे निकाल चढतो. बऱ्याचदा तोही चढलेला नसतो, आणि मग चारित्र्य पडताळणीत संपलेली केस प्रलंबित दिसते. म्हणून आधी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, अर्जासोबत पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. एजंट ज्याचे पैसे मागतो त्यातलं खरं काम एवढंच.

घटनेच्या वेळी मुलगा अठराच्या आत असेल तर गोष्ट वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता काढतं आणि अपिलाची मुदत संपल्यावर कागद नष्ट करायला सांगतं. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला असेल, तर मात्र ही सवलत नाही. कलम ७४ नुसार तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघडच करायची नाही. हे कलम अर्जासोबत जोडून दाखवावं लागतं, हे आपलं दुर्दैव.

बाकीच्यांचं सगळं केस कशी मिटली यावर ठरतं. बांधावरून भावकीत जुंपायची आणि जुलै २०२४ आधीच्या एफआयआरमध्ये भारतीय दंड संहितेची ३२४ (हत्याराने दुखापत), ३२३ (साधी मारहाण), ५०४ (चिथावणारा अपमान), ५०६ (धमकी) ही ओळ पडायची. पुढे दिवाळीत चुलते एकत्र जेवतात, पण केस तशीच. यातली ३२३, ५०४ तालुक्याच्या कोर्टात आपसात मिटवता येतात आणि तशी मिटली की कायद्याने ती निर्दोष सुटकाच. ३२४ तिथे मिटत नाही; २००९ च्या शेवटापासून ती सोय गेली. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ खाली. आधी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून आम्हाला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, आहे.

मला चीड येते ती एका सल्ल्याची: "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." जुगाराची किरकोळ केस, पाच-सातशे दंड, तारखांची कटकट संपली म्हणून घरी पेढे. पण कबुलीवरचा दंड ही शिक्षाच. तारखांना कंटाळलेल्या पोराला हे कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवं ते आम्हा वकिलांनीच. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ अपात्रता टाळतं. दोषी ठरल्याची नोंद तरीही राहते.

आता साक्षांकन नमुना, म्हणजे नोकरीवर घेताना स्वतःच्या पूर्वइतिहासाबद्दल भरून द्यायचा फॉर्म. "कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का" या रकान्यात "नाही" लिहायचा मोह होतो. लिहू नका. अशी माहिती दडवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं, की तरुणपणातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक बाबीकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. गंभीर गुन्हा दडवला तर नेमणूक रद्द होऊ शकते. खरं लिहिल्याने नोकरी मिळेलच असं नाही, नियोक्ता तरीही पूर्वइतिहास तपासतो. पण केस क्रमांक, निकालाची तारीख लिहून नक्कल जोडलेली असली, तर नाकारल्यावर भांडायला जागा राहते. आणि त्याच निकालात हेही आहे: फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगणं बंधनकारक. न विचारलेलं लिहिलं नाही, तर ती लपवाछपवी ठरत नाही.