तापाचा कितवा दिवस?

पाऊस उघडीप देऊ लागला की कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये डेंग्यूच्या तपासण्या वाढतात. गेल्या आठवड्यात कागलकडच्या एका काकांनी मुलाचा दुसरीकडून आणलेला रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, निगेटिव्ह हाय म्हणत्यात, मग पोराचा ताप का उतरंना?" तपासणी फक्त एनएस-वनची होती आणि रक्त तापाच्या सातव्या दिवशी दिलेले होते.

एनएस-वन हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन, म्हणजे प्रतिजन. ते तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर कमी होत जाते. आयजीएम ही विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मात्र चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. एकाच आजाराच्या या दोन वेगवेगळ्या खुणा आहेत, त्यामुळे एक सापडली नाही म्हणून आजारच नाही असे म्हणणे मला धोक्याचे वाटते.

त्या मुलाचा नवा नमुना आम्ही आयजीएम एलायझाला, म्हणजे प्रतिपिंडे रंगावरून ओळखणाऱ्या तपासणीला, लावला. ९६ खळग्यांच्या प्लेटच्या तळाशी माणसाचे आयजीएम पकडणारी प्रतिपिंडे आधीच चिकटवलेली असतात. सीरममधले, म्हणजे रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवातले, आयजीएम त्यांना धरून बसते. मग डेंग्यूचा प्रतिजन घातला की त्या आयजीएमपैकी डेंग्यूविरोधी असलेले तो पकडते आणि शेवटी त्या प्रतिजनाला एन्झाइम जोडलेले आणखी एक प्रतिपिंड येऊन चिकटते.

प्रत्येक टप्प्यानंतर प्लेट धुवावी लागते आणि माझ्या मते साऱ्या तपासणीचा जीव या धुण्यातच आहे. न चिकटलेले एन्झाइम खळग्यात राहिले तर निरोगी माणसाच्या नमुन्यातही रंग येतो, म्हणून शेवटचे पाणी झटकून मी प्लेट टिपकागदावर उलटी आपटते आणि एकही थेंब उरला नाही ना, हे उजेडात धरून पाहते.

त्यानंतर टीएमबी, म्हणजे एन्झाइममुळे रंग बदलणारे रसायन, घातले. मुलाचा खळगा आधी फिकट, मग गडद निळा झाला आणि आम्ल घालताच पिवळा पडला. रंग मोजणाऱ्या यंत्राने, म्हणजे रीडरने, ४५० नॅनोमीटरवर मोजलेला आकडा मर्यादेच्या बराच वर होता, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह आली. पण आयजीएम दोन-तीन महिनेही रक्तात टिकते, शिवाय जपानी मेंदूज्वरासारख्या जवळच्या विषाणूंची प्रतिपिंडेही याच तपासणीत कधीकधी धरली जातात. म्हणून रिपोर्ट देताना मी काकांना प्लेटलेट्सच्या आकड्यासह तो त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितले.