घुमतो तो डबा, डिस्क नव्हे

घरातले सगळे झोपले की माझं काम सुरू होतं, आणि नेमकी तेव्हाच संगणकाची घरघर जाणवायला लागते. पंखा बदलून पाहिला, ती गेली नाही. एका रात्री नीट कान दिला तेव्हा लक्षात आलं की हा आवाज एकसारखा नाही. दर तीन-चार सेकंदांनी तो चढतो नि ओसरतो. आत ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या) दोन हार्ड डिस्क आहेत, म्हणजे प्रत्येकीचे सेकंदाला १२० फेरे. पण दोघींचा वेग तंतोतंत जुळत नाही, आणि त्या किंचित फरकाने आवाजाला अशी भरती-ओहोटी येते.

संगणक बंद करून एक डिस्क पिंजऱ्यातून सोडवली, जाड स्पंजावर ठेवली आणि पुन्हा सुरू केलं. भरती-ओहोटी थांबली, घरघरही निम्म्यावर आली. डिस्कचा स्वतःचा आवाज थोडाच होता. तिची थरथर स्क्रूंमधून पत्र्यात उतरायची आणि अख्खा डबा घुमायचा.

मग मी घाई केली. दोन्ही डिस्क फोममध्ये गुंडाळून टाकल्या. शांतता अप्रतिम! पण तासाभरात स्मार्टमधलं (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातलं) तापमान ५४ अंशांवर गेलं. बहुतेक डिस्कांची मर्यादा ६० अंशांची असते. ज्या पत्र्यातून थरथर जात होती त्यातूनच उष्णताही जात होती, आणि मी दोन्हींची वाट एकदम बंद केली होती. (डिस्कच्या झाकणावरचं हवेचं बारीक छिद्रही बुजवू नये, हे तेव्हा ध्यानातच आलं नव्हतं.)

आता दोन्ही डिस्क कपड्यात घालतात त्या रुंद इलॅस्टिकवर आडव्या लटकवल्या आहेत. पत्र्याला कुठेच टेकत नाहीत. केबल सैल सोडल्या, कारण ताठ केबलही थरथर पोचवते. समोर १२० मिलिमीटरचा पंखा बसवला, तो १२ ऐवजी ५ व्होल्टवर चालतो. हात धरला तर जेमतेम झुळूक लागते, पण तेवढ्याने तापमान ३८ वर थांबलं. डिस्कला वारा जोराचा लागत नाही, सतत लागतो.

त्याहून थंड करायच्या मागे मी लागलो नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला होता. त्यात थंड डिस्क जास्त टिकतात असं दिसलं नाही. फार तापलेल्या, त्यातही जुन्या डिस्कांत मात्र बिघाड वाढलेले दिसले. दोन-चार अंशांसाठी पंखा जोरात फिरवून शांतता घालवणं मला पटत नाही.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. इलॅस्टिक हळूहळू सैल पडतं, आणि फिरती डिस्क खाली आपटली तर आतला डेटा गेलाच समजा. म्हणून दर तीन महिन्यांनी मी संगणकाचं झाकण उघडतो, बोटाने ताण बघतो, आणि शंका आली तर पट्टी लगेच बदलतो.