नकाशावरच्या काळ्या रेघा

आज एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या मास्टर्सच्या) वर्गात डॉक्टर जॉन स्नोचा लंडनचा नकाशा पुढ्यात आला. १८५४ चा कॉलरा. एक मृत्यू म्हणजे एक काळी रेघ. ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवती नुसती दाटी. साथ याच पाण्यातून पसरतेय, असं स्नोचं म्हणणं. बोट ठेवून मोजायला लागले, चाळिशीपाशी सोडून दिलं.

अडकले मात्र शेजारच्या बिअरच्या कारखान्यापाशी. तिथले कामगार पंपाचं पाणी प्यायचेच नाहीत, बिअर प्यायचे. वाचले! (वर्गात यावर काय झालं असेल, सांगायला नको.)

कुणी पाणी भरू नये म्हणून पंपाचा दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरत होती म्हणे. अर्ध्या वर्गाचा हिरमोड. पण हे स्नोनेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय, त्यामुळे मला तो जास्तच आवडला.

संध्याकाळी असाइनमेंटचा डेटा साफ करत होते. मृत्यूंच्या यादीत, वयाच्या रकान्यात ० दिसलं. हात थांबला.