कॅसेट क्रमांक ४: दोष कोडेकचा नव्हता, जोडांचा होता

घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट मी संगणकावर उतरवते आहे, म्हणजे कॅप्चर करते आहे. मागच्या नोंदीत मी लिहिले होते की चौथ्या कॅसेटमध्ये आवाज चित्रापासून हळूहळू सुटत चालला आहे, आणि त्याचे खापर मी हफवाययूव्ही या कोडेकवर (चित्र आवळून साठवण्याच्या पद्धतीवर) फोडले होते. ते म्हणणे मी आज मागे घेते. तीन आठवड्यांच्या खटपटीनंतर खरे कारण सापडले आहे. ते कोडेकमध्ये नव्हते, व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्येही नव्हते, आणि ते ज्या रीतीने सापडले ती इथल्या बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

कॅसेट आमच्या कोकणातल्या घरच्या १९९३ सालच्या गणपतीची आहे. तिच्यावरची बुरशी काढण्याचे काम मागेच झाले आहे, त्याबद्दल पुन्हा लिहीत नाही. महत्त्वाचे एवढेच की ही मूळ कॅसेट नव्हे. मूळ कॅसेट मोठ्या काकांकडे होती आणि आमच्यासाठी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, नको तो भाग पॉज करून गाळत, ही प्रत तयार केली गेली. पुढे जे घडले त्याचे मूळ या पॉजच्या बटणात आहे, पण ते मला फार उशिरा उमगले.

सुरुवातीचे दोन आठवडे मी चुकीच्या दिशेने गेले. हफवाययूव्हीऐवजी लॅगरिथ हा दुसरा कोडेक वापरून पाहिला, मग यूटी व्हिडिओ, मग व्हर्च्युअलडब २ मधून थेट एफएफव्ही१. त्यानंतर सॉफ्टवेअरच बदलले आणि अमारेक टीव्ही या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून तीच कॅसेट पुन्हा उतरवली. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा सल्ला काही जणांनी दिला होता, परंतु ते मुळात प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम येणाऱ्या) चित्रासाठी रचलेले आहे, इंटरलेस फिल्ड (फ्रेमचे एकाआड एक ओळींचे दोन अर्धे भाग) जशीच्या तशी जपणे हे त्याचे काम नाही, म्हणून कॅसेटसाठी ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वेळी निकाल एकच आला. पहिली पाच मिनिटे सगळे जागेवर आणि तासाभरानंतर आरती म्हणणाऱ्यांचे ओठ आवाजाच्या पुढे. व्हर्च्युअलडबच्या पट्टीवर ड्रॉप झालेल्या, म्हणजे गळालेल्या, फ्रेमची संख्या मात्र शून्यच दिसत होती, आणि त्या शून्यावर मी विश्वास ठेवला.

मग वाटले की आवाजाचे आणि चित्राचे घड्याळ वेगळे असावे. चित्र डोंगलमधून (व्हीसीआर संगणकाला जोडणाऱ्या छोट्या यंत्रातून) आणि आवाज संगणकाच्या लाइन-इन या आवाजाच्या खाचेतून घेतला, तर दोन्हींच्या घड्याळांचे स्फटिक तंतोतंत एका गतीने चालत नाहीत आणि तासाभरात थोडा फरक पडतो, हे आपल्याला माहीत आहे. त्यावरचा उपाय सोपा असतो: शेवटी किती फरक पडला ते मोजायचे आणि आवाज त्या प्रमाणात ताणायचा किंवा आखडायचा. तसे केले. शेवट जुळला, पण मधला भाग पूर्वीपेक्षा जास्त बिघडला. इथे पहिल्यांदा शंका आली की हा फरक सरळ उताराने वाढत नसावा.

मोजायचे कसे, याचे उत्तर कॅसेटमध्येच होते. चित्रपटाच्या चित्रीकरणात पाटी आपटतात ती आवाज आणि चित्र जुळवण्यासाठी. आमच्या कॅसेटमध्ये ते काम झांजांनी केले. माझा आतेभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता, तो सगळ्यात पुढे उभा राहून पूर्ण हात पसरून झांज वाजवतो. झांजा ज्या फ्रेममध्ये मिटतात ती डोळ्यांनी नेमकी दिसते, आणि ध्वनिलहरीत तिचा टोकदार उभा सुळका नेमका सापडतो. पालमध्ये (आपल्याकडच्या टीव्हीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या पद्धतीत) एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, त्यामुळे एका फ्रेमइतका फरकही सुटत नाही.

पाचव्या मिनिटाला फरक शून्य. बाविसाव्या मिनिटाला ३ फ्रेम, एकेचाळिसाव्याला ९, अडुसष्टाव्याला १४, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक. हे आकडे पाहून काही कळले नसते, पण बाविसाव्या मिनिटाला सुरू होणारी आरती जवळजवळ नऊ मिनिटे एकाच अखंड शॉटमध्ये आहे. तिच्या सुरुवातीला फरक ३ फ्रेम आणि शेवटीही ३ फ्रेमच! घड्याळाचा दोष असता तर नऊ मिनिटांत तो थोडा तरी वाढायला हवा होता. म्हणजे हा उतार नव्हे, या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी कुठे तरी एका ठरावीक जागी पडत होती.

ती जागा म्हणजे जोड. पॉज करून पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केले की जुन्या आणि नव्या चित्राच्या उभ्या सिंकचे (प्रत्येक चित्र कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या खुणेचे) ठोके एका लयीत येत नाहीत. टीव्हीवर चित्र क्षणभर हलते आणि आपण दुर्लक्ष करतो. कॅप्चर करणारे यंत्र मात्र तेवढ्यात सिंक गमावते, पुन्हा पकड मिळेपर्यंत एखाद-दुसरी फ्रेम देतच नाही, आणि दिली नाही हे सांगतही नाही. आवाज अखंड चालू राहतो. चित्रातून फ्रेम गळाल्या की पुढचे सगळे चित्र तेवढे अलीकडे सरकते, आणि म्हणून ओठ आधी हलतात व आवाज मागून येतो.

खात्री करण्यासाठी व्हर्च्युअलडबच्या टाइमिंगच्या खिडकीत जाऊन, दोन फ्रेममधले अंतर वाढले तर रिकामी फ्रेम भरण्याचा पर्याय चालू केला. स्वच्छ कॅप्चर हवे म्हणून तो मी पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता. या वेळी पट्टीवर भरलेल्या फ्रेमची संख्या आली १४. मग फाइल उघडून एकेका ड्रॉप फ्रेमवर उडी मारत गेले, तर सगळ्या १४ रिकाम्या फ्रेम ११ जोडांवरच बसलेल्या होत्या, मधल्या अखंड शॉटमध्ये एकही नव्हती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी वहीत त्या अकरा जागा लाल शाईने लिहून ठेवल्या. इतके दिवस ज्या फरकाला नियम नाही असे वाटत होते, त्याचा नियम समोर कागदावर होता.

रिकाम्या फ्रेम भरल्याने आवाज जुळतो, हरवलेले चित्र परत येत नाही. त्यासाठी कॅप्चरच्या आधीच सिग्नल सावरायला हवा. मस्कतहून परत आलेल्या शेजाऱ्यांकडे पॅनासॉनिकचा ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर पडून होता, तो त्यांनी आनंदाने दिला. त्यात डीव्हीडी घालायची नाही. व्हीसीआरचे चित्र त्याच्या इनपुटमध्ये द्यायचे आणि आउटपुटमधून कॅप्चरला घ्यायचे, एवढाच त्याचा उपयोग. आत येणारा सिग्नल तो ओळीओळीने सावरतो आणि बाहेर अखंड सिंक देत राहतो. त्याच्या मेन्यूमधले लाइन-इनचे (बाहेरून येणाऱ्या सिग्नलचे) नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करावे, नाहीतर हलत्या भागांमागे मळकट छाया राहते. या मार्गाने तीच कॅसेट उतरवली तेव्हा भरलेल्या फ्रेमची संख्या १ आली, आणि ती जिथे आली तिथे टेपला खरोखरच चुरगळा आहे. उभ्या रेषा वाकड्या दिसण्याचा जुना त्रासही जवळजवळ गेला. देव्हाऱ्याची चौकट आता सरळ उभी आहे.

आवाज मी रेकॉर्डरमधून न नेता व्हीसीआरमधून थेट घेते. त्यामुळे चित्र एका फ्रेमने मागे राहते, पण हा फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असल्यामुळे एकदा सरकवला की प्रश्न मिटतो. डोंगलही बदलले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेले पहिले डोंगल चित्रातला उजेड मुळातच कापत होते, निरांजनाची ज्योत म्हणजे नुसता पांढरा डाग दिसायचा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या दुसऱ्या डोंगलमध्ये ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहून १६ ते २३५ या व्हिडिओतल्या काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादेच्या आत बसवता येतात. आता ज्योतीला पिवळी कड दिसते. इतक्या छोट्या गोष्टीचा एवढा आनंद होईल असे वाटले नव्हते.

आता कोडेकबद्दल. कॅप्चर हफवाययूव्हीमध्येच ठेवणार आहे, कारण माझ्या जुन्या संगणकाला तो हलका जातो. ७२० बाय ५७६, ४:२:२ (रंगाची माहिती आडव्या दिशेने निम्मी), काहीही न आवळता ठेवले तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हफवाययूव्हीमध्ये माझ्या कॅसेट साधारण ३४ जीबीला बसतात आणि नंतर एफएफव्ही१ मध्ये नेल्यावर २५ च्या आसपास. जतनासाठी एफएफव्ही१ हा कोडेक आणि मात्रोस्का (एमकेव्ही) हा फाइलप्रकार हेच माझे मत आहे. एफएफव्ही१च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्लाइसला (फ्रेमच्या तुकड्याला) सीआरसी (तपासणीचा आकडा) लावता येते, त्यामुळे दहा वर्षांनी डिस्कवर एखादा बिट बिघडला तर तो नेमका कोणत्या फ्रेममध्ये हे कळेल, आणि २०२१ पासून या कोडेकचे वर्णन इंटरनेटच्या आरएफसी या दस्तऐवजमालेत ९०४३ क्रमांकाने सर्वांसाठी खुले आहे. रूपांतरानंतर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने दोन्ही फाइलींचे फ्रेमएमडी५ (प्रत्येक फ्रेमचा तपासणीचा आकडा) काढून ताडून पाहिले. एक लाखाहून अधिक फ्रेम, एकाही ओळीत फरक नाही. त्यानंतरच हफवाययूव्हीची फाइल पुसली.

ज्यांच्याकडे जुना डीव्ही कॅमकॉर्डर आहे आणि जे त्यातून पासथ्रू करतात, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल त्यातून संगणकात नेतात, त्यांनी तो सोडावा असे मी म्हणणार नाही. तासाला १३ जीबी लागतात आणि चित्र व आवाज एकत्र बांधलेले येतात, ही मोठी सोय आहे. पालच्या डीव्हीमध्ये रंग ४:२:० होतो, म्हणजे त्याची माहिती उभ्या दिशेनेही निम्मी होते, आणि आरतीच्या लाल-केशरी उजेडात मला ते खटकते, एवढेच.

नातेवाइकांच्या प्रतीबाबत मात्र हे लिहितानाच माझा बेत बदलला. आधी २५ फ्रेमची साधी एच.२६४ फाइल करणार होते. पण झांजेची फ्रेम शोधताना फिल्ड वेगळ्या करून पाहाव्या लागल्या आणि तेव्हा ध्यानात आले की हाताची निम्मी हालचाल दुसऱ्या फिल्डमध्ये आहे. २५ वर आणले की ती फेकली जाते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून करून घेतलेल्या डीव्हीडीमध्ये नेमके हेच झाले होते, शिवाय चित्र आडवे ताणून सगळ्यांना जाड केले होते. म्हणून आता अविसिंथ या सॉफ्टवेअरमध्ये क्यूटीजीएमसी (प्रत्येक फिल्डची पूर्ण फ्रेम करणारी प्रक्रिया) लावून सेकंदाला ५० फ्रेम, वरची फिल्ड आधी, आणि टीव्ही फाइलमधली रुंदी-उंचीच्या गुणोत्तराची खूण पाळेलच असे नसल्यामुळे थेट ७६८ बाय ५७६. तळाशी व्हीसीआरचे टेप वाचणारे हेड बदलताना जो फाटका पट्टा येतो, तो या प्रतीत काळ्याने झाकणार. जतनाच्या प्रतीत त्याला हात लावणार नाही.

आणखी एक कल्पना आज सकाळी सुचली. फ्रेम गळत होत्या तोवर एकाच कॅसेटची दोन कॅप्चर एकमेकांवर बसवणे अशक्य होते. आता प्रत्येक कॅप्चरमध्ये फ्रेमची संख्या सारखी येत असेल, तर तीन वेळा उतरवून प्रत्येक बिंदूची मधली किंमत घेता येईल, आणि एकाच कॅप्चरमध्ये उमटलेले पांढरे ओरखडे आपोआप गळून पडतील. टेपवरून मुळातच निघून गेलेला लेप यातून परत येणार नाही, हे मान्य आहे. हेडच्या कच्च्या सिग्नलवरून थेट चित्र तयार करणाऱ्या व्हीएचएस-डिकोड या सॉफ्टवेअरचा मोहही आहे, पण त्यासाठी व्हीसीआर उघडून हेडच्या सिग्नलला तार जोडावी लागेल, आणि चालू स्थितीतला माझा हा एकच व्हीसीआर आहे.

म्हणून आधी पाचवी कॅसेट थांबवून पहिल्या तीन पुन्हा तपासणार आहे. त्यांमध्येही जोड आहेत आणि तेव्हा मी फक्त शेवट जुळतो का एवढेच पाहिले होते. दुसरी कॅसेट बारशाची आहे, त्यात झांज नाही. पाळण्याच्या घुंगरांवर मोजता येते का, ते आज रात्री पाहते.