गोदामात अडकलेली रामबुतानची रोपं आणि प्लास्टिकखालची दमट हवा

केरळहून मागवलेली फळझाडं ऐन फेब्रुवारीत गोव्यात कशी जगवायची, हे मला आता नीट कळलंय, म्हणून लिहिते. पण आधी त्या गोदामाबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आमचं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची बाग, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. पोफळी, माड, मिरी, जायफळ, भिरंड (कोकम) सगळं आहे. रामबुतान आणि मँगोस्टीन लावायची इच्छा फार जुनी. रामबुतानचं बीपासून केलेलं रोप नर निघू शकतं आणि मग त्याला फळ धरतच नाही, म्हणून डोळा भरलेलीच, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसवलेलीच रोपं घ्यायची. मी एन १८ ही जात घेतली. मँगोस्टीनला ती भानगड नाही, बी लावलं तरी झाड आईसारखंच येतं. मागणी दिवाळीनंतर नोंदवली, माल निघाला कार्निव्हलच्या तोंडावर. नर्सरीचं काम चोख होतं. मुळांभोवती ओला काथ्याचा भुसा, त्यावर घट्ट गुंडाळलेलं प्लास्टिक, खोक्यांना भोकं, चारही बाजूंना ‘जिवंत झाडे’ असं ठळक लिहिलेलं.

खोकी फोंड्याकडच्या कुरिअरच्या गोदामापर्यंत वेळेत आली आणि तिथेच बसली.

पहिला मेसेज आला, ‘ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही.’ फोन दिवसभर माझ्या हातात होता, कुणीही केला नव्हता. मग आला, ‘पत्ता अपूर्ण.’ घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, पिनकोड. याच पत्त्यावर विजेचं बिल न चुकता येतं. मग कार्निव्हलमुळे माणसं रजेवर. मग सत्तरीची गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. फोन केला की दर वेळी नवा माणूस उचलायचा आणि मी पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी स्वतःच गेले.

“ताई, पार्सल गाडीवर चढलंय असं दाखवतंय. म्हणजे ते इथे नाही.”

“गाडी कुठे आहे?”

“गाडी उद्या सुटेल.”

“मग ती आता इथेच असेल ना? मला खोकी बघू दे.”

“आत जायला परवानगी नाही, ताई. साहेब आले की विचारतो.”

साहेब दुपारपर्यंत आले नाहीत. त्या बाकावर बसून मला एकच दिसत होतं, बंद खोक्यात काय चाललं असेल ते. रोप पिशवीतून काढून बांधताना बारीक मुळं तुटतात आणि पाणी ओढतात ती नेमकी तीच. पानं मात्र सगळी जागेवर असतात आणि त्यांच्यातून पाणी उडतच राहतं. म्हणजे खर्च चालू आणि जमा बंद. त्यात खोक्यात अंधार, अन्न तयार होत नाही. अंधार आणि उष्णता एकत्र आली की झाड पानं टाकायला लागतं. मँगोस्टीनची मुळं तर मुळातच तोकडी, त्यांना केसमुळं जवळजवळ नसतातच. एकदा दुखावली की सावरायला फार वेळ घेतात. हे मी काउंटरवरच्या मुलाला सांगितलं. तो “हो ताई, बरोबर आहे ताई” म्हणत राहिला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या हातात काही नव्हतं. ज्याने ‘जिवंत झाडे’ वाचूनही खोकी बाजूला टाकली, त्याच्यावर आहे, आणि अजून आहे.

शेवटी माल उतरवणाऱ्या एका माणसाला दया आली. तो म्हणाला, “वहिनी, बिल दाखवा, मी बघतो.” त्याने मागचं शटर उचललं. माझी खोकी पश्चिमेच्या पत्र्याला टेकून उभी होती, त्यातलं एक उलटं, बाणाचं टोक जमिनीकडे. पुठ्ठ्याला हात लावला तर तो गरम लागला. सही केली, खोकी गाडीत घातली आणि वाटेत काचा बंद ठेवून घरी आले. उघड्या टेम्पोत रोपं आणू नका, वाऱ्याने उरलीसुरली पानंही सुकतात.

खोकी सावलीतच उघडायची. माझ्या रामबुतानची खालची पानं खोक्यातच गळली होती, वरची कडेने करपून देठाला तशीच चिकटलेली. हा फरक लक्षात ठेवा. पान आपणहून गळलं तर फांदीत अजून जीव असतो. सुकून चिकटून राहिलं तर फांदी वरून मरत येतेय असं समजा. नखाने साल थोडीशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर आशा आहे.

मुळांचा गोळा आतून कोरडाठाक झाला होता. तो न फोडता पाण्याच्या घमेल्यात ठेवला, बुडबुडे थांबले तसा काढून निथळू दिला. मोठी कुंडी नको, खत तर अजिबात नको. दुखावलेल्या मुळांना खताचे क्षार भाजतात.

आणि मग दमट हवा. गोव्यात हवा दमटच असते, वेगळं काय करायचं, असं मला शेजारच्या काकांनीही विचारलं. पावसाळ्यात ते खरं आहे. फेब्रुवारीच्या दुपारी सत्तरीत आर्द्रतामापक लावून बघा. माझ्या अंगणात तो ४० टक्क्यांच्या खाली उतरत होता. ३५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असलेली हवा पानातलं पाणी जितक्या जोराने ओढते, त्याच्या साधारण सहाव्या भागाइतकीच ओढ २८ अंश आणि ८५ टक्के असताना असते. तुटक्या मुळांना तेवढीच उसंत हवी असते. म्हणून नुसती आर्द्रता वाढवून भागत नाही, थंडावाही हवा.

आम्ही पाटाच्या कडेला, पोफळींच्या दाट सावलीत बांबूच्या कामट्या वाकवून मांडव केला आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक टाकलं. खाली जांभ्याची खडी पसरून ती ओली ठेवली आणि रोपं खडीवर पालथ्या घातलेल्या चिऱ्यांवर, म्हणजे बूड पाण्यात राहणार नाही. कडेला ओली गोणपाटं. काटा ८५ ते ९० च्या आसपास राहू लागला. मांडवावर थेट ऊन पडता कामा नये. बंद प्लास्टिकखाली उन्हात रोपं अक्षरशः शिजतात.

पाणी कमी घाला, हे सांगायचं राहिलं. आत हवा ओली असल्याने माती लवकर सुकत नाही, आणि रोप मलूल दिसतं म्हणून रोज ओतलं तर मुळं कुजतात. बोट घालून बघायचं. फवारा सकाळीच मारायचा. रात्रभर पानांवर पाणी थांबलं की बुरशी येते. आपल्याला हवा ओली हवी आहे, पानं नकोत. गळलेली पानं रोज वेचून टाकायची.

बरेच दिवस काहीच घडलं नाही. प्लास्टिक उचलून बघायचा मोह मी आवरला, कारण दर वेळी उघडलं की कमावलेली ओल जाते. मग एका सकाळी करपलेल्या देठाच्या बगलेत तांबूस टोक दिसलं, मोहरीएवढं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. पण रामबुतानला फूट आली की आधी ती कुठून आलीय ते बघा. डोळा भरलेल्या जागेच्या वरून हवी. खालून आली तर ती खुंटाची, ती काढून टाका, नाहीतर वर्षानुवर्षं भलतंच झाड वाढवत बसाल. माझं एक रोप असंच वरून मेलं, बाकीची वाचली. मँगोस्टीनने सगळ्यात जास्त वाट पाहायला लावली, पण शेवटी समोरासमोरच्या पानांची चकचकीत जोडी आली.

मांडव एकदम काढायचा नाही. आधी फक्त संध्याकाळी कड उचलायची, कारण रात्री हवा आपणहून ओली होते. घाटावरचा सकाळचा कोरडा वारा लागत असेल तर उजाडायच्या आत पुन्हा बंद. मग हळूहळू सकाळ उघडी ठेवायची आणि दुपार सगळ्यात शेवटी. पानं लोंबली तर एक पायरी मागे या. जमिनीत लावणी मी जूनमधला पाऊस स्थिरावल्यावर केली, पोफळींच्या सावलीतच.

कुरिअर कंपनीने भरपाई नाकारली, जिवंत झाडांना विमा लागू नाही म्हणून. बुकिंगच्या वेळीच हे विचारून घ्या. पुढची रोपं मी जुलैत मागवलीत. नर्सरीला सांगितलंय, सोमवारी पाठवा म्हणजे मध्ये रविवार येणार नाही, आणि पार्सलवर लिहा, ‘गोदामातच ठेवा, ग्राहक स्वतः नेईल.’